निम्मा पैसा राज्याचा, मग गाडी किती वाजता सुटणार हे राज्य का ठरवत नाही?

बालाघाट
बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. इथे रेल्वेची माहिती असणारे, एसटीच्या घरातले, पुण्यामुंबईचे, परदेशातले सगळेच आहेत म्हणून धागा काढतो. मी बीडचा. १७ सप्टेंबर २०२५ ला आमच्याकडे रेल्वे आली. ज्यांची सगळी हयात "यंदा रेल्वे येणार" हे ऐकण्यात गेली अशी म्हातारी माणसं त्या दिवशी नातवंडांना घेऊन स्टेशनवर आली होती, आणि खरं सांगतो ती गर्दी बघून मलाही भरून आलं. अहमदनगर-बीड-परळी हा मार्ग मंजूर झाला १९९५ साली. २६१ किलोमीटर. तेव्हाचा अंदाज साडेतीनशे कोटींच्या आसपास होता, आज तो ४८०५ कोटींवर गेलाय. गोपीनाथराव मुंडेंनी हा विषय शेवटपर्यंत लावून धरला, त्यांच्या आधीही लोक मागत होतेच. नगर ते आष्टी २०२२ ला सुरू झालं, आष्टी ते अमळनेर (आमच्या बीड जिल्ह्यातलं) फेब्रुवारी २०२४ ला, मग बीड. परळी अजून बाकी.

आता मुद्द्याचं. सुरुवातीला जे वेळापत्रक जाहीर झालं त्यात गाडी सकाळी सातच्या आत नगरहून निघते, दुपारी साडेबाराला बीडला पोचते आणि पावणेदोनच्या सुमाराला परत फिरते, नगरला जायला संध्याकाळचे साडेसात. रविवारी बंद. म्हणजे साधारण १६७ किलोमीटरला साडेपाच तास. बीडच्या माणसाने ही गाडी धरायची कशासाठी? नगरला दवाखाना आहे तर डॉक्टर संध्याकाळी साडेसातला कुठे भेटणार, कोर्टाची तारीख असेल तर आदल्या दिवशी जाऊन राहायचं का, आणि पुण्याला स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आमची हजारो पोरं आहेत त्यांना ही गाडी नगरला सोडून देणार, पुढचं तुमचं तुम्ही बघा. रायमोह, विघनवाडी, राजुरी इथल्या लोकांचं तालुक्याचं कामसुद्धा या वेळेत बसत नाही.

या मार्गाचा निम्मा खर्च महाराष्ट्र सरकारने उचललाय. ४८०५ कोटींच्या निम्मे म्हणजे चोवीसशे कोटी. हा पैसा तुमच्या माझ्या करातला आहे. एवढे पैसे देताना राज्याने करारात एक ओळ तरी घालून घ्यायला हवी होती की सकाळी सहाला बीडहून गाडी निघेल, ती पुण्यापर्यंत जाईल आणि संध्याकाळी परत येईल. तसं काही नाही. राज्याचा पैसा बांधकामात जातो, आणि रूळ टाकून झाले की किती गाड्या, किती डबे, कुठल्या वेळेला, हे सगळं रेल्वे ठरवते, राज्याला तिथे बोलायची जागाच नाही. माझं म्हणणं असं की राज्याने रूळांपुरता हिस्सा देऊन थांबू नये, गाड्या विकत घ्याव्यात, म्हणजे डबे नव्हेत, फेऱ्या. अमुक मार्गावर दिवसाला एवढ्या फेऱ्या, या वेळेला, त्यात जी तूट येईल ती राज्य भरून देईल असा लेखी करार, आणि त्यासाठी दर वर्षी हमखास येणारा वेगळा निधी. तुम्हाला काय वाटतं?

चेअरकार
अभिनंदन बीडकरांचं. पण थोडं घाईत बोलताय असं वाटतं. नवीन मार्ग आहे, एकेरी आहे, नवीन मातीच्या भरावावर वेग हळूहळूच वाढवतात, पहिल्या दिवसापासून शंभरने गाडी पळवणं धोक्याचं. शिवाय आत्ता हा फाटा म्हणजे बंद गल्ली आहे, बीडच्या पुढे काही नाही. परळीला जोडला गेला की मग लातूर, नांदेड, हैदराबादकडची वाहतूक येईल, मालगाड्या येतील, फेऱ्या आपोआप वाढतील. आणि तत्त्वाचं बोलायचं तर रेल्वे हा केंद्राचा विषय, राज्यघटनेत संघसूचीत आहे, खर्च केंद्रानेच करावा. राज्याने बांधकामाचे निम्मे द्यायचे हीच मुळात चुकीची प्रथा पडली, त्यात तुम्ही आता चालवायची तूटही राज्याच्या गळ्यात घालताय.

बालाघाट
चेअरकार, वेगाचं पटलं, भरावाचंही पटलं. पण वेळेचं काय? गाडी साडेपाच तास घेऊ दे हो, ती सकाळी बीडहून निघाली आणि रात्री बीडला आली तर तिकिटाचे जे काही चाळीस-पन्नास रुपये आहेत त्यात गरीब माणूस खुशीने बसेल. रेक, म्हणजे डब्यांची आख्खी गाडी, रात्री नगरला उभा राहतो का बीडला, एवढाच फरक आहे. बीडला रात्री रेक ठेवायचा तर तिथे पाणी, सफाई, तपासणी, ड्रायव्हर-गार्डच्या मुक्कामाची खोली लागते, तो खर्च कोण करणार इथे सगळं अडतं. म्हणून म्हणतो की हा खर्च राज्याने उचलावा आणि बदल्यात वेळ मागून घ्यावी.

आणि "आपोआप" वर माझा विश्वास नाही. परळी दक्षिण मध्य रेल्वेत, नगर मध्य रेल्वेत. मार्ग पूर्ण झाला तरी दोन झोनच्या मध्ये आमची गाडी कोणाच्या प्राधान्यात असेल?

हिशेबनीस
मी सरकारी लेखा विभागात होतो, आता निवृत्त. थोडं पैशाच्या बाजूने लिहितो, लांबेल.

रेल्वेमंत्र्यांनी संसदेत वारंवार सांगितलेला आकडा असा की प्रवाशामागे १०० रुपये खर्च येतो तेव्हा भाड्यातून सरासरी ५४ रुपयेच मिळतात, वर्षाला सुमारे ५७ हजार कोटींची सवलत. ही तूट भरून निघते मालवाहतुकीतून. म्हणजे कोळसा, सिमेंट, खत नेणारी मालगाडी ही कमावती आणि पॅसेंजर ही खर्चिक. एकेरी मार्गावर दिवसात किती गाड्या बसणार याला मर्यादा असते, मग वाहतूक नियंत्रकाने पॅसेंजरला क्रॉसिंगला बाजूला काढून मालगाडी पुढे सोडली तर त्यात त्याचा वाईट हेतू नसतो, हिशेबच तसा बसवलाय. कोविडमध्ये तर पॅसेंजर गाड्या बंद करून "स्पेशल" आणि "एक्स्प्रेस" म्हणून सुरू केल्या, १० रुपयांचं किमान भाडं ३० झालं आणि ते मूळ पदावर यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. त्या काळात खेड्यातल्या किती लोकांनी रेल्वे कायमची सोडली असेल विचार करा.

त्यामुळे बालाघाट म्हणतात त्यात तथ्य आहे. जोवर पॅसेंजर गाडी चालवणं हे रेल्वेच्या दृष्टीने निव्वळ नुकसान आहे तोवर राज्याने शंभर पत्रं लिहिली तरी फेरी वाढणार नाही, वाढली तरी पहिल्या अडचणीला बंद होईल. तूट भरणारा कोणी असेल तर तीच फेरी कराराची होते.

राहिला प्रश्न पैसा आहे का. समृद्धी महामार्ग बघा. ७०१ किलोमीटर, खर्च ५५ हजार कोटींच्या घरात, २०१५ ला घोषणा आणि जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला. पैसा कसा उभा केला? कर्ज काढलं, आणि म्हाडा, सिडको, एमआयडीसी, एमएमआरडीए अशा राज्याच्याच संस्थांकडून भांडवल गोळा केलं. दहा वर्षांत रस्ता झाला. बीडला १६७ किलोमीटर यायला तीस वर्षं गेली. दोन्हीकडे जमीन महाराष्ट्राचीच, डोंगर तेच, शेतकरी तेच. फरक एवढाच की समृद्धीला एक मालक होता आणि त्याच्याकडे पैसा एकरकमी होता. रेल्वेच्या कामात दर वर्षी अर्थसंकल्पात दोन्हीकडून थोडं थोडं पडतं, राज्याचा हिस्सा उशिरा आला की केंद्राचाही आखडतो, तोवर जमिनीचे भाव वाढतात, की सुधारित अंदाजपत्रक, की पुन्हा मंजुरी.

कंडक्टरची_लेक
धागा छान आहे पण एक गोष्ट राहतेय, एसटी. माझे वडील आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते म्हणून जीव तुटतो.

रेल्वे ही गावागावात जाणार नाहीये. बीडचं स्टेशन गावाबाहेर, न्यू आष्टी गावाबाहेर, अमळनेर तर विचारूच नका. दुपारी साडेबाराला डोक्यावर ऊन, हातात पिशव्या, कडेवर लेकरू आणि स्टेशनबाहेर उभा असलेला काळीपिवळीवाला माणसं कोंबून भरल्याशिवाय निघत नाही, रिक्षावाला सांगेल ती रक्कम. गाडीच्या तिकिटात जे वाचलं ते तिथेच गेलं. त्यामुळे जे काही करार वगैरे म्हणताय त्यात प्रत्येक गाडीला लागून एसटी असलीच पाहिजे, गाडी उशिरा आली तर बस थांबली पाहिजे. आज दोघांची वेळापत्रकं एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.

आणि एसटीला पैसा म्हटलं की सगळे तोट्याचं रडगाणं लावतात. २०२५ ला सरकारने स्वतःच श्वेतपत्रिका काढली, साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर. पण हा तोटा झाला कसा ते पण बघा ना. एसटीच्या तिकिटावर राज्य सरकार साडेसतरा टक्के प्रवासी कर घेतं. ज्या खेड्यात दुसरं काही जात नाही तिथल्या बसमधल्या बाईच्या तिकिटावर साडेसतरा टक्के! आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे, रायगडमध्ये विमानाच्या इंधनावरचा व्हॅट २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. मला विमानाबद्दल राग नाही पण क्रम कसा लावलाय ते बघा. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत, २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट, या योजना अतिशय चांगल्या आहेत, माझ्या आईसारख्या बायका पहिल्यांदा कोणाला पैसे न मागता माहेरी जाऊन आल्या. पण त्या सवलतीचे पैसे सरकारकडून महामंडळाला वेळेवर आणि पूर्ण गेले पाहिजेत, नाहीतर योजना सरकारची आणि फाटकी सीट, गळका टप महामंडळाच्या नावावर.

चेअरकार
ताई, एसटीचं अगदी मान्य. उलट माझा मुद्दा त्यातून पक्का होतो. त्या चोवीसशे कोटींत किती नव्या बस आल्या असत्या? बीडसारख्या जिल्ह्याला रेल्वेपेक्षा पंधरा-पंधरा मिनिटाला नगर आणि संभाजीनगरची बस जास्त उपयोगी नाही का?

कंडक्टरची_लेक
बस पाहिजेच. पण दिवाळीत, उन्हाळी सुट्टीत पुण्याहून बीडला यायचं म्हटलं की काय होतं माहितीय ना? स्वारगेट, वाकडेवाडी सगळीकडे मुंगीला शिरायला जागा नसते आणि खासगी ट्रॅव्हल्सवाले मागतील तो दर. एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही असा शासन निर्णय २०१८ पासून आहे, पण भर सणात तो कोण तपासतो? अशा वेळी एक रेल्वेगाडी हजार-पंधराशे माणसं एका फटक्यात आणते, तेवढ्याला पंचवीस-तीस बस लागतील. आणि ऊसतोडीला जाणारी आमची माणसं दर वर्षी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लेकरंबाळं, भांडीकुंडी, कोंबड्या घेऊन रात्रभर प्रवास करतात, अपघात होतात, छोटी बातमी येते. त्यांच्यासाठी हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी गाडी सोडावी हे कोणाच्या डोक्यात येत नाही कारण ती गाडी मागायला कोणी बसलेलंच नाही. दोन्ही लागतं दादा, रेल्वे पण आणि बस पण.

कोकणकडा
बालाघाट, तुम्ही निम्म्या हिश्शाचं बोलताय, आमच्याकडे तर राज्य थेट मालक आहे. कोकण रेल्वे महामंडळ १९९० ला झालं त्यात केंद्र ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ ६-६. मधू दंडवते, जॉर्ज फर्नांडिस यांनी रेटलं, श्रीधरन साहेबांनी बांधलं, पैसा बराचसा रोखे विकून उभा केला. सात-आठ वर्षांत सह्याद्रीतून सातशे चाळीस किलोमीटर मार्ग, २६ जानेवारी १९९८ पासून सलग सुरू. म्हणजे राज्यं एकत्र आली आणि पैशाची सोय आधी लावली तर काय होऊ शकतं याचा पुरावा आपल्या दारात आहे.

पण पुढची गोष्ट तुमच्या मुद्द्याला धरून. २२ टक्के हिस्सा असून कोकणातल्या माणसाला काय मिळालं? दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर कोविडमध्ये बंद झाली ती परत आली तेव्हा दिव्यापर्यंतच. रत्नागिरी, चिपळूण, खेडच्या म्हाताऱ्या माणसांनी, गाठोडी घेऊन दिव्याला उतरायचं आणि तिथून लोकलच्या गर्दीत घुसायचं. दिव्याचा तो पूल ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. राज्याने एकदा तरी भागधारक म्हणून ठणकावून विचारलं का की आमची पॅसेंजर दादरला का जात नाही? लांब पल्ल्याच्या गाड्या आमच्या छोट्या स्टेशनांवरून धडधडत जातात, चाकरमानी गणपतीत वेटिंग लिस्ट बघत बसतो.

आता २०२५ ला महाराष्ट्राने कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला संमती दिली, अट काय तर "कोकण रेल्वे" हे नाव राहावं आणि राज्याने घातलेले सुमारे ३९६ कोटी परत मिळावेत. नाव राहिलं पाहिजेच, त्याबद्दल दुमत नाही. पण अटीत रोहा-वीरच्या पुढचं दुपदरीकरण कधी, सावंतवाडी टर्मिनस कधी पूर्ण, रोजच्या पॅसेंजर किती, हे पण लिहून घ्यायला हवं होतं. पैसे परत मागण्यापेक्षा त्या पैशात फेऱ्या मागितल्या असत्या तर बरं झालं असतं.

डोंबिवली_स्लो
कोकणकडा +१.
मुंबईचंही तेच आहे फक्त आकडे मोठे. एमआरव्हीसी ही मुंबई लोकलची कामं करणारी कंपनी १९९९ ची, रेल्वे ५१ टक्के राज्य ४९. एमयूटीपीचे, म्हणजे मुंबईच्या वाहतूक प्रकल्पाचे टप्पे त्यातूनच झाले, जास्तीच्या मार्गिका, नवे रेक, जागतिक बँकेचं कर्ज, आणि लोकलच्या तिकिटात एमयूटीपीचा अधिभार आम्ही प्रवासी वर्षानुवर्षं भरतोय. म्हणजे राज्य, केंद्र आणि प्रवासी तिघांनी मिळून पैसा घातला. फायदा झाला हे मी नाकारत नाही, ठाण्याच्या पुढे पाचवी-सहावी मार्गिका नसती तर काय झालं असतं. पण एमआरव्हीसी बांधून देते आणि गाड्या चालवतात मध्य आणि पश्चिम रेल्वे. कल्याणच्या पुढे, कसारा-कर्जतला गाडी किती मिनिटांनी, एसी लोकल साध्या फेरीच्या जागी टाकायची का जास्तीची म्हणून, यात राज्याचा शब्द चालत नाही.
जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींशेजारून जाताना दारात लटकलेली माणसं पडली आणि जीव गेले. मी त्याच मार्गाने रोज जातो. त्यानंतर दरवाजे बंद करायची चर्चा झाली, डबे नवे करायची झाली, ते करा, पण गर्दीच्या वेळेला फेऱ्या कमी आहेत म्हणून माणूस दारात लटकतो हे मूळ आहे. मला फेऱ्यांचा करार ही कल्पना म्हणूनच पटते.

वऱ्हाडपांडे_नाही
आमच्या यवतमाळचं पण ऐकून घ्या. शकुंतला माहीत असंलच सगळ्यांना, अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज, कापसासाठी इंग्रजांच्या काळात टाकलेली. ती बंद पडली, ब्रॉडगेज होणार होणार म्हणून वाट पाहून राह्यलो. दुसरीकडे वर्धा-यवतमाळ-नांदेड, २८४ किलोमीटर, २००८-०९ ला मंजूर, राज्याचा ४० टक्के हिस्सा. फेब्रुवारी २०२४ ला त्यातलं वर्धा ते कळंब ३९ किलोमीटर सुरू झालं. ३९! कळंबहून वर्ध्याला जाऊन तिथं नागपूरची गाडी मिळंल का नाही याचा मेळ कोणी घालून देत नाही, मंग लोक बसनंच जातात आणि वरून म्हणतात गाडी रिकामी धावते.

पण एक चांगली गोष्ट सांगतो, ज्याच्यासाठी लिहायला बसलो. नागपुरात ब्रॉडगेज मेट्रोची योजना होती. २०१८ ला रेल्वे, राज्य सरकार आणि महामेट्रो (नागपूर-पुण्याच्या मेट्रोची सरकारी कंपनी) यांच्यात करार पण झाला. नागपूरहून वर्धा, रामटेक, नरखेड, भंडारा या रेल्वेच्याच रूळावर मेट्रोसारख्या गाड्या चालवायच्या, डबे महामेट्रोचे, रूळ रेल्वेचे. गडकरी साहेबांनी लई भाषणांत सांगितलं. म्हणजे बालाघाट भाऊ तुम्ही जे म्हणता ते कागदावर आपल्याच राज्यात होऊन गेलं आहे, रेल्वेनं मान्य पण केलं होतं. गाडी काही धावली नाही. पण तो कराराचा नमुना उचलून मराठवाड्यात, पुण्यात वापरता येतो, नव्यानं काही शोधायची गरज नाही.

बालाघाट
दादा हे फार महत्त्वाचं सांगितलंत. मला महामेट्रोचा करार झाला होता एवढं माहीत होतं पण डबे महामेट्रोचे, रूळ रेल्वेचे हा तपशील नीट लक्षात आला नव्हता. पुणे-दौंड मार्गावर तर याचा लगेच उपयोग आहे. तिथे वीज आहे, माणसं आहेत, आणि लोकल म्हणून डेमू, म्हणजे डिझेलवरची गाडी धावते.

श्टुटगार्टकर
मूळचा लातूरचा, आता जर्मनीत. इथलं थोडं सांगतो कारण विषय अगदी हाच आहे.

जर्मनीत १९९६ पासून प्रादेशिक गाड्यांची जबाबदारी राज्यांकडे दिली. केंद्र सरकार दर वर्षी कायद्याने ठरलेली रक्कम राज्यांना देतं, ती प्रवासी वाहतुकीवरच खर्च करायची. राज्याची एक संस्था असते, ती ठरवते की अमक्या मार्गावर तासाला एक गाडी किंवा अर्ध्या तासाला एक, पहिली किती वाजता, शेवटची किती वाजता, डब्यात सायकलला जागा किती. मग निविदा निघते, जी कंपनी कमी तुटीत चालवून देईल तिला काम, कधी ती सरकारी रेल्वे असते कधी दुसरी कोणी. गाडी उशिरा आली, रद्द झाली तर कंपनीचे पैसे कापतात. आणि बसचं वेळापत्रक गाडीला धरून लावतात, एकच तिकीट दोन्हीत चालतं.

इथे सगळं छान आहे असं समजू नका. गाड्या भरपूर उशिरा येतात, रूळांची कामं वर्षानुवर्षं रेंगाळलीत, ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून फेऱ्या रद्द होतात. मे २०२३ ला देशभर चालणारं ४९ युरोचं मासिक तिकीट आणलं, लोकांनी उचलून धरलं, पण त्याची तूट केंद्राने किती आणि राज्यांनी किती भरायची यावर भांडण होत राहिलं आणि जानेवारी २०२५ पासून ते ५८ युरो झालं. पण एक फरक आहे. माझ्या गावाची शेवटची गाडी रद्द करायची ठरली तर मला माहीत असतं की प्रश्न कोणाला विचारायचा, राज्याच्या वाहतूक मंत्र्याला. तो "हे केंद्राचं आहे" असं म्हणू शकत नाही. लातूरला असताना मला हे कधीच कळलं नाही की कोणाला विचारायचं.

चेअरकार
हे मात्र पटलं. "कोणाला विचारायचं" हा खरा प्रश्न आहे. पण जर्मनीत पैसा केंद्र देतं हे लक्षात घ्या. आपल्याकडे राज्याने आपल्या खिशातून द्यायचं म्हणता, तर कुठून? लाडकी बहीण, कर्जावरचं व्याज, पगार-पेन्शन यातून राहतं किती? आणि राज्यांचा हिस्सा थकतो तेव्हा काय होतं ते दिल्ली-मेरठच्या वेगवान प्रादेशिक रेल्वेला (आरआरटीएस) दिसलं, दिल्ली सरकारने हिस्सा दिला नाही म्हणून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने जाहिरातीचा निधी वळवायचा आदेश दिला तेव्हा कुठे पैसे हलले.

हिशेबनीस
चेअरकार, तुमचं शेवटचं उदाहरण हेच सांगतं की हिस्सा दर वर्षीच्या मर्जीवर ठेवू नये. आधीच बांधलेला स्रोत पाहिजे. आणि असा स्रोत आपल्या राज्यात आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर इथे घर घेताना मुद्रांक शुल्कासोबत किमतीच्या १ टक्का मेट्रो अधिभार लागतो, २०२२ पासून तो वसूल होतोय. ५० लाखांच्या फ्लॅटला ५० हजार रुपये. मेट्रो आली की जमिनीचे भाव वाढतात, त्यातला थोडा वाटा वाहतुकीला परत, तत्त्व योग्य आहे. मग रेल्वेमार्ग आला की बीड, यवतमाळ, धाराशिवमध्येही स्टेशनच्या आसपासच्या जमिनीचे भाव वाढतात, तिथे पहिला फायदा होतो तो आधी माहिती असणाऱ्यांचा. तो वाढीव भाव थोडा तरी वाहतूक निधीत यावा. शहरांचा अधिभारही फक्त मेट्रोत न जाता त्याच शहराच्या बस आणि लोकलला मिळाला पाहिजे. मेट्रोवर बोलायचं तर मुंबईची मेट्रो ३ मूळ २३ हजार कोटींची ती ३७ हजार कोटींवर गेली, पैसा उभा राहिला, जपानचं कर्ज मिळालं, २०२५ ला पूर्ण झाली, चांगलंच झालं. त्याच शहरात बेस्टची बस मात्र ताफा घटत घटत चालली आणि मे २०२५ ला किमान भाडं ५ चं १० झालं. बांधकामाला कर्ज मिळतं, चालवायला कोणी देत नाही, हे मुंबईपासून बीडपर्यंत एकच दुखणं आहे.

दुसरा स्रोत कंडक्टरच्या लेकीने सांगितलाच. एसटीचा प्रवासी कर तिजोरीत न घेता सरळ या निधीत वळता करा. नवा कर एक रुपयाचा नाही.

आणि पुणे-लोणावळ्याच्या तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला राज्य मंत्रिमंडळाने २०२५ ला मंजुरी दिली, ५१०० कोटी, निम्मे राज्याचे, त्यातही महापालिका आणि पीएमआरडीए या पुणे महानगर प्राधिकरणाने वाटा उचलायचाय. तिथे रूळ अजून पडायचेत. फेऱ्यांचं कलम आत्ताच घालायची ती जागा आहे.

डोंबिवली_स्लो
पुणे-नाशिकला पण. ती २३५ किलोमीटरची सेमी हायस्पीड महारेलने (राज्य आणि रेल्वेची संयुक्त कंपनी) आखली, मग नारायणगावजवळच्या जीएमआरटी दुर्बिणीमुळे मार्ग बदलायचा विषय आला. मार्ग कुठूनही जाऊ दे, चाकण, राजगुरुनगर, संगमनेरच्या रोजच्या माणसाला थांबे आणि फेऱ्या किती हे आधी लिहून पाहिजे. नाहीतर दोन शहरांच्या मध्ये सगळी गावं गाडी बघत राहतील.

चेअरकार
ठीक आहे, माझा विरोध थोडा मवाळ झालाय असं समजा. एकच सुचवतो, पहिल्या फटक्यात सगळं राज्य घेऊ नका. एक मार्ग, तीन वर्षांचा करार, प्रवासी किती वाढले ते दर महिन्याला जाहीर करायचं. गाडी रिकामी धावली तर करार बंद. मात्र वेळ सोयीची देऊन मग मोजायचं, दुपारी पावणेदोनच्या गाडीवरून निकाल द्यायचा नाही.

बालाघाट
हे एकदम मंजूर. तीन वर्षांची अट मीच घातली असती. लोक आपलं पत्र वाचतील ते तेवढ्यामुळेच.

मी आमच्या आमदार-खासदारांना आणि परिवहन, नियोजन दोन्ही खात्यांना द्यायचं पत्र लिहायला घेतलंय. त्यात चारच मागण्या ठेवतो. रेक रात्री बीडला मुक्कामी ठेवून सकाळी सहाच्या आत पुण्याकडे गाडी, दौंडला इंजिन फिरवण्यात वेळ जाऊ नये म्हणून कॉर्ड लाईनने, आणि संध्याकाळी परत. त्या एका जोडीची तूट राज्याने तीन वर्षं भरायची. बीड, न्यू आष्टी, कडा इथे प्रत्येक गाडीला एसटी. आणि राज्याने यापुढे कुठल्याही रेल्वेमार्गाला हिस्सा देताना किमान फेऱ्या आणि वेळा करारात लिहून घ्यायच्या. रविवारच्या गाडीचं पाचवं कलम घालू का? रविवारी परीक्षा असतात.

कंडक्टरची_लेक
रविवारचं घालाच, आणि रविवारी संध्याकाळी पुण्याला परत जाणाऱ्या पोरांची गर्दी सगळ्यात जास्त असते तेही लिहा. माझा मामा कड्याला राहतो, त्याला सांगून कडा आणि आष्टी स्टँडवरून सुटणाऱ्या बसच्या वेळा लिहून आणवते. धानोऱ्याकडची एक बस फक्त वीस-पंचवीस मिनिटं मागे सरकवली तर गाडीला लागते असं तो म्हणत होता, ते पत्रात उदाहरण म्हणून देता येईल. शुक्रवारपर्यंत इथेच टाकते.

हिशेबनीस
मसुदा टाका, तुटीच्या कलमाची भाषा मी बघतो. "अनुदान" हा शब्द वापरू नका, वित्त विभागात तिथेच फाईल अडते. "सेवा खरेदी करार" लिहा, त्याला वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात स्वतंत्र खातं मागता येतं.